स्टेशनात हलायचं नाही

सकाळी सातपासून माझा घोडा क्लावू मालडब्यापुढे उभा होता. दुपारचे तीन वाजले तरी त्याने फळीवर एक खूर ठेवला नव्हता. डबा चारच्या गाडीला जोडणार होते. ती चुकली की संपलं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, डोकार, म्हणजे माझा दोनचाकी टांगा, हाकणं बंद झालंय. ब्लितारला राहणारा माझा जावई क्लावूला आपल्या टांग्याला जुंपणार होता. नाहीतर उद्या खाटीक येणार होता, तसा शब्द माझ्या बायकोने देऊनही टाकला होता.

ऊस दाखवला, गूळ दाखवला, चार हमालांनी दोर ओढला. शेवटी मी चाबूक उगारला आणि माझीच मला लाज वाटली.

"पाक रेबो, घोडा आणलाय की दगडाचा पुतळा?" माल-कारकून सुहार्दी म्हणाला. गलेलठ्ठ माणूस, सकाळपासून खुर्चीतून उठला नव्हता. "मालकावर गेलाय!"

"मास्तर, तोंड चालवण्यापेक्षा हात लावा की!" मी खेकसलो.

तेवढ्यात प्रवासी गाडीने कर्कश शिट्टी दिली. हमाल दचकले, क्लावूने कानही हलवला नाही. मी कपाळावर हात मारला. नऊ वर्षं मीच त्याला शिकवलं होतं: स्टेशनात शिट्टी होवो, धूर येवो, मागे गिऱ्हाइकाचा भार पडेपर्यंत हलायचं नाही. बिचारा दिवसभर माझंच ऐकत होता आणि मी त्याला शिव्या घालत होतो.

मी त्याच्यावर साज चढवला आणि मागचे पट्टे सुहार्दीच्या हातात कोंबले.

"टाका सगळा भार."

"मी काय गिऱ्हाईक आहे?"

"आज तुम्हीच. धरा घट्ट!"

तो कुरकुरत मागे रेलला. मी जिभेने टक् टक् केलं, आणि क्लावू कारकुनाला फरफटत थेट डब्यात शिरला. हमाल पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही.

माणसाला त्या डब्यात बसू देत नव्हते. साज उतरवला तेव्हा क्लावूने मान वळवून माझा खांदा हुंगला. रोज त्याला उभं करून फलाटावर जाताना म्हणायचो, तेच तोंडून निघालं, "थांब हं, गिऱ्हाईक घेऊन आलोच."

डच गार्डाने दार लावलं. शिट्टी झाली, डब्याला हिसका बसला, गाडी निघाली. आतून एकदाही टाप वाजली नाही. तो माझी वाट बघत उभा होता.