धरू नये असा कठडा

मित्रांनो, मला धरू नका. मी एक जुना कठडा आहे, तीन मजली इमारतीच्या जिन्याचा. म्हणजे होतो. आता त्याच जिन्याखाली भंगारात पडलो आहे.

आत्मवृत्तात आधी जन्म सांगतात, म्हणून सांगतो. लोहाराने मला तापवले, ठोकले, वळवले आणि पायऱ्यांच्या कडेला घट्ट बसवले. माणसे माझ्या आधाराने चढत. पोरे माझ्यावरून घसरत आणि मार खात. झाले बालपण.

मग माझे गज खालून गंजले.

आता कौतुकाचा भाग यायला हवा. माझ्या वाट्याला फक्त रंग आला. भाडेकरूंनी तक्रार केली की मालक म्हणत, "बघूया." म्हणून पाठीमागे सगळे त्यांना बघूशेठ म्हणत. ते येत, मला दुरूनच पाहत आणि रंगाऱ्याला पाठवत. रंगारी गंजावरूनच ब्रश फिरवी. दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहत. त्यांच्या सासूबाई मला बघून म्हणाल्या, "नटवलाय छान. पण सरळ उभं राहता येत नाही मेल्याला."

भाडेकरूंचाही मला राग येतो. थोडा. कारण जास्त बोलणाऱ्याला बघूशेठ सांगत, की पटत नसेल तर दुसरीकडे खोली शोधा. मग ते गप्प बसले आणि चालायला शिकले. नवे बिऱ्हाड आले, की सामान वर चढायच्या आत त्याला बजावत: भिंतीच्या बाजूने चला, कठड्याला हात नको. भिंतीवर हातांचा लांबलचक काळा पट्टा उमटला. एकमेकांना जपण्यात ते इतके तरबेज झाले, की मला दुरुस्त करायचे आहे हेच विसरून गेले.

तिसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी झाली. नवे भाडेकरू बघायला येणार, तेव्हा बघूशेठना तो पट्टा खुपला. त्यांनी भिंत रंगवून घेतली. वर पाटी लावली: रंग ओला आहे, भिंतीला हात लावू नये.

दुपारी सासूबाई खाली निघाल्या. पाटी वाचली. दुसऱ्याचा ताजा रंग बिघडवू नये, इतकी शिस्त त्यांना होती. "नुसतं बोट टेकवते," असे स्वतःशीच म्हणत त्या माझ्याकडे सरकल्या. वळणावर तोल गेला आणि सगळा भार माझ्यावर आला.

इथे एक वाक्य यायला हवे. ते माझ्याने सांगवत नाही.

त्यांच्या खुब्याचे हाड मोडले.

वहिनी तक्रार नोंदवायला निघाल्या. घर जाईल, असे शेजाऱ्यांनी परोपरीने समजावले. त्या थांबल्या नाहीत. चौकशीला एक अधिकारी बाई आल्या, तेव्हा बघूशेठ तयारीतच होते.

"अहो, हा कठडा धरायचा नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हातारीने धरला, त्याला मी काय करणार?"

"तुम्हालाही ठाऊक होतं?"

"म्हणजे काय! सगळ्यांनाच."

"मग माझं काम झालं," बाई म्हणाल्या.

पुढचे त्यांनी अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असे सांगितले. घर भाड्याने दिले, की येण्याजाण्याचा जिना सुरक्षित ठेवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी असते, मेहेरबानी नव्हे. लोक सांभाळून चालतात म्हणून ती टळत नाही. धोका माहीत असून हात बांधून बसणाऱ्याचा दोष तर दुप्पट. आणि तक्रार केली म्हणून कोणाला घराबाहेर काढायचा विचारही करू नका.

बघूशेठना उपचारांचा खर्च द्यावा लागला. मला कापून काढले आणि नवा कठडा बसवला.

सासूबाईंना आता दोन मजले चढवत नाहीत. त्या तळमजल्यावर शेजारणीच्या खोलीत राहतात आणि वहिनी त्यांचे जेवण घेऊन खाली-वर करतात. परवा सासूबाई काठी टेकत आल्या आणि त्यांनी नवा कठडा हलवून पाहिला. तो जराही हलला नाही.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण माझं घर वरच राहिलं ना."

मित्रांनो, शेवटी 'वस्तूंना जपा' असे सांगायची आमच्यात पद्धत आहे. मी सांगणार नाही. तुमच्या जिन्यातला कठडा हलत असेल, तर त्याला चुकवून चालायला शिकू नका. घरच्या मोठ्यांना उठवा. सगळी बिऱ्हाडे मिळून मालकाच्या दारात जा, आणि दुरुस्ती होईपर्यंत भांडा.