मधली खुर्ची

मी एक जुना स्पीकर आहे मित्रांनो, जोडीतला डावा. एका जागी उभं राहून जीव अगदी विटलाय; पण ऐकणारे भेटलात, म्हणून सांगतो.

माझी आणि माझ्या उजव्या भावाची पेटी सुतारकाकांनी स्वतःच्या हातांनी केली. पेट्या झाल्या आणि आमची खरी परवड सुरू झाली. भिंतीला टेकवलं की आवाज घुमायचा. कोपऱ्यात ठेवलं की ढोल गाण्याला गिळून टाकायचा. पुढे घे, मागे ने, जरा आत वळव! शेवटी काकांनी सुतळी घेतली. माझ्यापासून भावापर्यंत जेवढी, तेवढीच आम्हा दोघांपासून खुर्चीपर्यंत. आम्हाला कानांच्या उंचीच्या स्टुलांवर चढवलं आणि फरशीवर खुणा केल्या. मग गाणारी बाई आमच्या बरोबर मधे, रिकाम्या भिंतीपाशी उभी राहून गातेय असं वाटायचं. पण फक्त त्या एका खुर्चीवरून. खुर्ची अर्थातच काकांची.

काकू बसायच्या स्वयंपाकघराच्या दारात, अगदी माझ्या कुशीला. भाजी निवडताना त्यांना मी एकटाच ऐकू यायचो. म्हणजे निम्मंच गाणं! फरशी पुसताना आम्ही बोटभर सरकलो, तरी काका घर डोक्यावर घ्यायचे. "तुमच्या लाडक्यांना हात नाही लावला हो!" काकू म्हणायच्या.

वर्षं गेली. माझं कापड विरलं, अंगावर धूळ चढली. एक दिवस काका ओरडले, "डावा गेला!" मग मला थापट्या मार, वायरी बदल, पोट उघडून बघ. अहो, मी घसा फोडून गात होतो! शेवटी वैतागून त्यांनी भावाला माझ्या जागी आणलं आणि मला त्याच्या. तरी तेच. "डावाच गेलाय!"

कपड्यांच्या घड्या घालणारी लेक थांबली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "स्पीकर बदलले तरी डावाच? मग तुमचा कान दाखवून येऊ."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गेलेला कान परत येणार नव्हता. काकांनी आम्हाला आपापल्या जागी ठेवलं आणि म्हणाले, "कशाला ही अडगळ? देऊन टाका भंगारात." आता माझे तुकडे होणार, असं वाटलं. खोटं कशाला बोलू, सुटलो असंही वाटलं.

"दोन्ही वाजतात का, ते तरी बघून द्या," लेक म्हणाली.

"मला कुठलं कळायला?" म्हणत काकांनी काकूंना हाक मारली. "अगं, तू बस जरा इथे."

काकू हात पुसत आल्या आणि खुर्चीच्या काठावर टेकल्या. गाणं लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग मधल्या रिकाम्या भिंतीकडे.

"अगं बाई! ही तर समोर उभी आहे!"

"हो. तिथेच असते ती."

"आणि इतकी वर्षं तुम्ही एकटेच ऐकत होतात?"

गाणं संपल्यावर काकू उठायला लागल्या, तर काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बस. अजून एक लावतो." मग भाजीची परडी घेऊन ते दारात बसले, चांगला कान माझ्याकडे करून.

भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही. मी दमलोय, तरी गातोय. मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसत जा, आम्हाला कोपऱ्यात कोंबू नका. आणि घरात चांगली जागा एकच असेल, तर तिच्यावरून अधूनमधून उठत जा. दोन्ही कान शाबूत आहेत तोवरच उठा.