अल ऐनहून आलेला थर्मास

मित्रांनो, वेल्समधल्या कार्डिफ शहराच्या ग्रेंजटाउन भागात लाल विटांच्या घरांची एक लांब रांग आहे. त्यातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीच्या फळीवर माझी जागा आहे. मी एक जुना थर्मास आहे. पण तुमच्या ओळखीच्या थर्माससारखा मी सरळसोट नाही. मला गोल पोट आहे, बारीक मान आहे आणि पुढे पक्ष्यासारखी चोच आहे. अरबांच्या जुन्या पितळी कॉफीपात्राची मी नक्कल आहे. बाहेरून सोनेरी पत्रा, आतून दुहेरी काच.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. बुडाखालची अक्षरे केव्हाच घासून गेली. मला पहिले आठवते ते अल ऐन. संयुक्त अरब अमिरातीतले, वाळवंटाच्या कडेला वसलेले खजुराच्या बागांचे शहर. तिथल्या दुकानातून मला उम्म सैफ यांनी विकत घेतले. उम्म सैफ म्हणजे सैफची आई. तिकडे वडीलधाऱ्या बाईला अशीच हाक मारतात. तीस वर्षे शाळेत शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

त्यांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. परदेशातून आलेली माणसे त्यांच्या शहरात वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे राहत होती. ती रोग्यांची सेवा करीत, इमारती बांधीत, मुलांना गणित शिकवीत. पण त्यांतल्या फार थोड्यांनी एखाद्या अमिराती घराचा उंबरठा ओलांडला होता.

"दोष त्यांचा एकट्यांचा कसा?" उम्म सैफ मुलाला म्हणाल्या. "आपल्या भिंती किती उंच आहेत ते बघ की."

मग त्यांनी आपली मजलिस, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीची खोली, दर मंगळवारी परदेशी बायकांसाठी उघडी ठेवली. मला आणले ते त्यासाठीच. वेलदोडा घातलेली फिकट रंगाची कॉफी, जिला तिकडे गहवा म्हणतात, ती माझ्यात भरली जाई.

एका मंगळवारी मीनाक्षी नावाच्या पुण्याच्या बाईने आपल्या मैत्रिणीला बळेच ओढून आणले. तिचे नाव शैला. ती मूळची नागपूरची आणि अल ऐनच्या एका रुग्णालयात नर्स. नवरा भगवान पाणीपुरवठ्याच्या खात्यात इंजिनिअर. संघर्ष नावाचा एक मुलगा. अल ऐनमध्ये तिला एकोणीस वर्षे झाली होती.

"आपण आज ना उद्या इथून जाणारच," शैला दारातच कुजबुजली. "यांच्या रीतीभाती शिकून करायचंय काय?"

"जाशील तेव्हा जाशील," मीनाक्षी म्हणाली. "तोवर राहतेस ना इथं?"

शैला आत येऊन बसली. उम्म सैफ यांनी तिच्या हातात बिनकानाचा छोटा पेला दिला आणि माझ्यातून गहवा ओतली. तिने पिऊन पेला पुढे केला, त्यांनी पुन्हा ओतली. असे सात वेळा झाले. शैलाच्या डोळ्यांत पाणी यायचे बाकी होते. नको असेल तर पेला हलकेच हलवून परत द्यायचा असतो, हे तिला ठाऊकच नव्हते. उम्म सैफ यांच्या ते ध्यानात आले आणि त्या खळखळून हसल्या. पण ते हसू लगेच मावळले.

"एकोणीस वर्षांत तुला हे कोणी सांगितलं नाही?" त्यांनी विचारले. "मग ती चूक आमची."

त्या दिवसापासून शैलाने एकही मंगळवार चुकवला नाही. मला डाव्या हातात धरून उजव्या हाताने पेला कसा द्यायचा, घरच्या माणसांची विचारपूस कशी करायची, कोणी गेले तर कोणते शब्द बोलायचे, हे सारे ती शिकली. उम्म सैफ सांगत, "दुःखाच्या घरी जायला बोलावणं लागत नाही. जायचं, बसायचं. बोलायला काही सुचलं नाही तरी चालतं."

दोन वर्षांनी भगवान अचानक गेला. कामावर असतानाच छातीत कळ आली, रुग्णालयात पोचेपर्यंत सगळे संपले होते. दुसऱ्या दिवशी उम्म सैफ मला घेऊन शैलाच्या फ्लॅटवर आल्या. समोर बुद्धाची मूर्ती होती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो आणि पुढे मेणबत्त्या. उम्म सैफ दारातच थांबल्या.

"तुमच्याकडे कसं करतात ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कुठे बसू? माझं काही चुकलं तर सांग."

त्या तीन दिवस येत राहिल्या. लोकांनी वंदना घेतली तेव्हा त्या मागे मान खाली घालून बसल्या. आलेल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतःच्या हाताने गहवा दिली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे काम, असे मला तेव्हा वाटले होते.

पुढे संघर्षला कार्डिफच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, आणि शैलानेही तिथल्या एका रुग्णालयात नोकरी धरली. निघताना उम्म सैफ यांनी मला तिच्या हाती दिले. "मला विसरू नकोस. फोन करत जा," एवढेच त्या म्हणाल्या. स्वेटरमध्ये गुंडाळून, मांडीवर धरून शैलाने मला विमानातून आणले.

मित्रांनो, इथे माझे वाईट दिवस सुरू झाले. शैलाने मला स्वयंपाकघरातल्या कपाटावर, बॉयलरच्या शेजारी ठेवले, आणि तिथेच मी राहिलो. माझ्यावर धूळ बसली, सोनेरी रंग काळवंडला. शैलाच्या बारा-बारा तासांच्या शिफ्ट असत. घरी आली की ती बूटही न काढता खुर्चीत बसून राही. शेजारच्या मिसेस प्रोसर बागेच्या भिंतीपलीकडून "मॉर्निंग, लव्ह" म्हणत, शैला "मॉर्निंग" म्हणे. तीन वर्षांत बोलणे त्यापुढे सरकले नाही.

पहिले काही महिने तिने उम्म सैफ यांना नेमाने फोन केले. मग शिफ्टमुळे दोन आठवडे राहून गेले, मग दोन महिने. नवा फोन घेतला आणि जुना नंबर बंद झाला. एकदा ती मुलाला म्हणाली, "इतके दिवस केला नाही. आता कोणत्या तोंडानं करू?" मी वरून ऐकत होतो. मला वाचा असती तर मी सांगितले असते, की त्या माउलीला तुझे तोंड कसेही चालेल.

गेल्या वसंतात एका शनिवारी सकाळी मीनाक्षीचा फोन आला. इन्स्टाग्रामवर संघर्षला शोधून तिने नंबर मिळवला होता. शैलाने फोन स्पीकरवर टाकला.

"शैला, उम्म सैफ गेल्या गं. बुधवारी," मीनाक्षी म्हणाली. शैला ओट्याला धरून उभी राहिली. "आणि ऐक. त्यांची नात मैथा तुझ्या कार्डिफलाच शिकतेय. वर्ष होत आलं. त्यांनी तिला तुझा नंबर देऊन पाठवलं होतं. तो लागतच नाही म्हणे. परीक्षा आहे म्हणून घरच्यांनी तिला येऊ पण दिलं नाही."

फोन ठेवल्यावर स्टुलावर चढून शैलाने मला खाली काढले आणि घासायला घेतले.

"आई, असं न सांगता जात नाहीत इथं कोणाकडे," संघर्ष म्हणाला. "आधी मेसेज कर ना. आय मीन, ती तुला ओळखत पण नाही. आणि आपण बुद्धिस्ट. त्यांचं काय असतं, काय नसतं, आपल्याला काय माहीत? चुकलं तर?"

"चुकेल," शैला म्हणाली. "चुकलं तर ती सांगेल. तू वेलदोडे कूट."

मीनाक्षीकडून पत्ता घेऊन दुपारी बसने शैला आणि मी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर पोचलो. मैथाने दार उघडले. डोक्यावर काळा रुमाल, सुजलेले डोळे, वय जेमतेम वीस.

"मी शैला," शैला म्हणाली. मग उम्म सैफ यांनी शिकवलेले सांत्वनाचे अरबी शब्द तिने सावकाश, एकेक करून उच्चारले.

मैथा माझ्याकडे पाहत होती. "हा आजीचा," ती म्हणाली.

त्या लहानशा खोलीत दोघी पलंगाच्या काठावर बसल्या. शैलाने माझ्यातून गहवा ओतली. मैथाने एक घोट घेतला आणि पेला तसाच हातात धरून ठेवला.

"मी तुम्हांला शोधलं," ती म्हणाली. "दोनदा तुमच्या हॉस्पिटलात गेले. स्टाफची माहिती देता येत नाही म्हणाले. आजी दर फोनला विचारायची, शैला भेटली का? मी म्हणायचे, भेटेल."

"मला उशीर झाला," शैला म्हणाली.

"हो," मैथा म्हणाली.

मित्रांनो, शैलाने काहीही सबब सांगितली नाही. शिफ्टचे नाव काढले नाही, की बंद पडलेल्या नंबरचे. ती फक्त बसून राहिली. शेवटी मैथाच म्हणाली, "तिकडे घरात तीन दिवस लोक आले. सगळे एकत्र रडले. मी इथं एकटी लायब्ररीत."

"मग उद्यापासून तीन दिवस माझ्याकडे बस," शैला म्हणाली. "माझं घर लहान आहे, पण दार उघडं राहील. कसं करायचं ते तू सांग."

रविवारी शैलाने पुढच्या खोलीतले सोफे भिंतीला सरकवले आणि रजा टाकली. बुद्धाची मूर्ती झाकू का, असे तिने मैथाला विचारले. मैथाने मान हलवली. "आजी तुमच्या घरी तिच्यासमोर बसली होती ना? तिनं सांगितलंय मला. राहू द्या."

आधी मैथाच्या वर्गातल्या चार मुली आल्या. मग मशिदीतल्या बायका आल्या, कोणी सोमालियाच्या, कोणी येमेनच्या. शैलाच्या वॉर्डातल्या नर्सेस आल्या. दर बुद्धपौर्णिमेला भेटणारी धम्मशीला नवऱ्यासह आली. दुसऱ्या दिवशी दारात मिसेस प्रोसर उभ्या राहिल्या. हातात कापडाखाली झाकलेली ताटली.

"इतकी माणसं येताना पाहिली," त्या म्हणाल्या. "कोणी गेलं का तुमचं? तुमची पद्धत मला माहीत नाही. वेल्श केक केलेत."

"आत या," शैला म्हणाली.

मिसेस प्रोसर मैथाच्या शेजारी बसल्या आणि तिच्या आजीबद्दल विचारू लागल्या. मैथा सांगू लागली. आजी गणित शिकवताना कशी रागवायची, खजुराच्या प्रत्येक झाडाला कसे वेगळे नाव द्यायची. आजी गेल्यापासून ती पहिल्यांदाच इतके बोलली. ऐकता ऐकता शैला स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

त्या तीन दिवसांत मी किती वेळा भरलो आणि रिकामा झालो, त्याची मोजदाद नाही. संघर्ष न सांगता पेले विसळत होता. तिसऱ्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्याने मलाही नळाखाली धरले. मी आतून अजून चटका बसेल इतका गरम होतो, आणि कार्डिफचे पाणी बर्फासारखे. पोटात कट् असा आवाज झाला. माझी काच तडकली होती.

"सॉरी, आई," तो खाली बघत म्हणाला. "आजीबाईंची आठवण होती ती."

शैलाने मला त्याच्या हातातून घेतले, पुसले आणि खिडकीत ठेवले. मैथा अजूनही सुट्टीच्या दिवशी येते. आली की शैला आणि ती माझ्याशेजारीच बसून अल ऐनला फोन लावतात. उम्म सैफ यांच्या नंबरावर आता त्यांची सून बोलते.

माझ्यात आता गहवा राहत नाही. तरीही, मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, तर त्याची काळजी घ्या. गरम काचेवर एकदम गार पाणी ओतू नका. आधी कोमट पाणी घाला, थोडे थांबा, मग धुवा. आणि तुमच्या गल्लीत दूरच्या मुलखातून कोणी राहायला आले असेल, तर त्यांनाही हाच नियम लावा.