दाखल्यावरचा भोवरा

वाकून वाकून सेपाच्या कमरेचा काटा ढिला झाला होता, आणि त्यात बिबांगची टकळी काही थांबत नव्हती.

तासियोच्या खाचरात लावणी चालली होती. दहा-बारा बाया-गडी गुडघाभर चिखलात ओळीनं मागं सरकत होते. बांधावर म्हातारा गोयो गिटार बडवत होता आणि त्याच्या ठेक्यावर रोपं चिखलात जात होती. आज तासियोचं शेत, उद्या सेपाचं, परवा बिबांगचं, असा पैरा ठरलेला.

वादळानं खांब पाडल्यापासून गावात तीन दिवस वीज नव्हती. छपरं उडाली त्याचं कुणाला एवढं वाटलं नाही, पण संध्याकाळची मालिका बुडाली म्हणून बाया सुतकात असल्यागत फिरत होत्या. त्या मालिकेत एका दाईनं दोन तान्ह्या पोरी बदलल्या होत्या. धनिणीची लेक धुणेवालीच्या खोपटात कपडे आपटत होती आणि धुणेवालीची लेक बंगल्यात पियानो वाजवत होती. ऐन बिंग फुटायच्या वक्ताला नेमका खांब पडला.

"सेपा, तू परवा लेकीकडं हुतीस न्हवं कबानातुआनला?" बिबांग म्हणाली. "तिथं लाईट हुती. भाग बघितला असशील की. सांग मग."

सेपा टीव्हीसमोर बसली होती हे खरं. पण पहिल्याच जाहिरातीला तिचा डोळा लागला, तो लेकीनं जेवायला हलवल्यावर उघडला. आता हे कबूल करायचं म्हणजे गावभर हसू.

"बघितला की," ती म्हणाली. "रडून रडून पदर भिजला माझा."

"पदर कुठला गं तुला? झगा घालतीस."

"झग्याची बाही भिजली. सांगू का नगं?"

शेजारच्या ओळीला बेनिंग होती, तासियोची बायको. तिच्या लेकीची धर्ममाता सेपाच, म्हणून दोघी एकमेकींना 'मारे' म्हणत. अशा नात्यात उघड भांडण काढायला तोंड होत नाही. भांडण तर सेपाच्या पोटात सहा महिने खदखदत होतं.

सेपाची म्हैस या नवराबायकोकडं अर्धलीनं होती. पहिलं वेत सांभाळणाऱ्याचं, दुसरं मालकिणीचं. दुसऱ्या वेताला तिची म्हैस आणि तासियोची म्हैस एकाच आठवड्यात व्याल्या, दोघींना पारड्याच झाल्या, आणि सेपा तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. दूध तुटल्यावर तासियोनं तिच्या हाती दिली ती एक काटकुळी, फेंगड्या पायांची पारडी. सेपाच्या म्हशीला, त्या म्हशीच्या आईला, आजीला, सगळ्यांना डाव्या खांद्यामागं केसांचा भोवरा. हिला नव्हता. तासियोच्या गोठ्यातल्या धट्ट्याकट्ट्या पारडीला मात्र होता.

पण बोलायची सोय नव्हती. दोन्ही पारड्यांचा बाप एकच रेडा. भोवरा बापाकडनं आला म्हणून तासियोनं हात झटकले असते आणि वर सेपाचं शेत पैऱ्यातून उठवलं असतं. नवरा मागं नाही, जुनी म्हैस थकलेली, आणि ही फेंगडी काही नांगर ओढणार नव्हती. वर सोमवारी कचेरीची माणसं गुरांना डाग द्यायला येणार होती. गुराच्या दाखल्यावर चित्र असतं आणि त्यावर भोवरे टिपतात. एकदा टिपलं की ती पारडी कायमची तासियोची.

"तर धनिणीला संशय आला," सेपानं रोपांची पेंडी सोडली. "गेली दवाखान्यात. म्हनली, माझ्या लेकीचा जुना दाखला काढा."

"मग?"

"दाखल्यावर खूण लिवलेली. डाव्या खांद्यामागं."

बेनिंगचा हात चिखलात तसाच राहिला. सेपानं ते तिरक्या डोळ्यानं बघितलं, आणि तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"कसली खूण, मारे?" बेनिंगनं हळूच विचारलं.

"भोवरा."

गोयोची गिटार थांबली. "मानसाला भोवरा? खांद्यावर?"

"श्रीमंतांस्नी असतो," सेपा म्हणाली. "तू वाजव."

बेनिंगची रोपं आधी बोटाबोटावर पडायला लागली, मग एकदम वीतवीतभर लांब. "आगं बेनिंग," बिबांग ओरडली, "ही वळ हाय का साप गेलाय?"

बेनिंगला ते ऐकूच गेलं नाही. "आन त्या दाईचं काय झालं?"

"तिचाच तर घोर हाय. सोमवारी चर्चमधी दाखला वाचायचाय, समद्या गावाम्होरं."

"सोमवारी?" बेनिंगनं विचारलं. "आन तिनं आधीच पोर नेऊन दिली तर?"

एवढं पुढचं सेपानं जुळवलंच नव्हतं. "मग धनीण एक अक्षर बोलायची न्हाई. तशी शप्पथच घेतली तिनं मेरीमातेम्होरं. तिथंच संपला भाग."

"देऊन टाकावी की मेलीनं," बिबांग नाक ओढत म्हणाली. "दुसऱ्याची पोर घरात ठिवून झोप कशी लागती, बाई."

दुपारी भाताबरोबर खारवलेलं अंडं आणि टोमॅटो होतं. बेनिंगनं दोन घास चिवडले आणि ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबडं आरवल्यावर सेपा अंगणात आली. फणसाला धट्टीकट्टी पारडी बांधलेली होती आणि फेंगडी गायब. सेपानं डाव्या खांद्यामागं हात फिरवला. भोवरा बोटांना लागला तशी ती पारडीच्या मानेला मिठी मारून घळाघळा रडली. त्या दिवशी तिच्या शेतात तासियोनं खाली मान घालून सगळ्यांच्या दुप्पट रोपं लावली.

शनिवारी वीज आली. रविवारी दुपारी टीव्हीवाल्यांनी आठवड्याचे भाग पुन्हा लावले, आणि ते संपतात न संपतात तोच बेनिंग तरातरा सेपाच्या दारात.

"कुठाय भोवरा? साधा तीळबी न्हाई. दवाखाना न्हाई, दाखला न्हाई. मारे, तू मला फशिवलंस."

"फशिवलं," सेपा शेंगा निवडता निवडता म्हणाली. "पारडी सोडून ने जा. पर बिबांगनं इचारलं, आनली कशापायी आन नेली कशापायी, तर काय सांगशील?"

बेनिंग उंबऱ्यावर धपकन बसली. सेपानं तिच्यापुढं अर्ध्या शेंगा सरकवल्या.

"मारे, खरं सांगू? त्या दिवशी मला झोप लागली हुती," ती म्हणाली. "आजबी पारडीला धूत बसले, भाग राहिलाच. काय झालं गं त्या दाईचं?"

मालिकेचं विचारलं आणि बेनिंगनं सांगितलं नाही असं आजवर झालं नव्हतं.

"तिनं धनिणीचं पाय धरलं," ती शेंगेकडं बघत म्हणाली. "लई रडली. नवऱ्याचं ऐकलं म्हनली, चुकलं म्हनली. धनिणीनं तिला उठिवलं. झालं गेलं, तू मला भनीसारखी, म्हनली. दोघी संगट जेवल्या."

"बरं झालं बाई," सेपा म्हणाली.

सोमवारी माणसं आली. सेपाच्या पारडीच्या दाखल्यावर डाव्या खांद्यामागं भोवरा टिपला गेला. रांगेत मागं बिबांग होती. सेपानं तिला म्हटलं, धनिणीनं दाईला माफ केलं ते फार चांगलं झालं.

"माफ?" बिबांग म्हणाली. "काडकन कानाखाली वाजिवली की तिच्या, आन केसाला धरून फाटकाभाईर काढली. तू कुठला भाग बघितलास?"

सेपानं पलीकडं बघितलं. फेंगड्या पारडीचा कासरा धरून बेनिंग एकटीच उभी होती, मान खाली घालून. सेपाला असं हसू फुटलं की तिची पारडी बिचकून दोन पावलं मागं सरली. मग दाखला कमरेला खोचून ती बेनिंगजवळ जाऊन उभी राहिली.

"मारे, आजचा भाग तुझ्याकडं बघायचा का माझ्याकडं?"