शेवंतीची बाई

"मावशी, मागं सरका! हात लावू नका तिला!" डॉक्टर ओरडले तेव्हा बायजाबाई शेवंती घोडीचं वाहतं नाक पदरानं पुसत होती.

जुईनगरच्या त्या पत्र्याच्या तबेल्यात सरकारी माणूस कधी फिरकला नव्हता. आज आले ते नखशिखांत पांढऱ्या प्लास्टिकमध्ये, डोळे तेवढे उघडे.

"रिपोर्ट आला," डॉक्टर घोडीच्या मालकाला, रावसाहेबांना म्हणाले. "ग्लँडर्स. औषध नाही, इंजेक्शन देऊन घोडी संपवावी लागेल. हा रोग माणसालाही होतो. तिच्याजवळ वावरणाऱ्यांचं रक्त आमची सिस्टर घेईल. कामगाराला लागण झाली तर जबाबदारी मालकाची. कामाला कोण आहे?"

शेवंती शिंगरू असल्यापासून तिची दाणावैरण, खरारा, लीद सगळं बायजाबाईकडे. वरातीत फटाक्यांना बुजलेल्या घोडीचा पाय पडून हिच्या पायाचं बोट मोडलं, तरी दुसऱ्या दिवशी लंगडत हजर. सुट्टी मागायचं तिला सुचलं नाही, आणि रावसाहेबांना द्यायचं कशाला सुचतंय?

"कामाला? कोणी नाय साहेब. मी एकटाच बघतो."

"मग या?"

"त्या? जातायेता घोडीला भाकरी घालतात. आवड आहे त्यांना."

बायजाबाई रावसाहेबांकडे बघतच राहिली. ते मात्र तिला सोडून सगळीकडे बघत होते.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांना बुजून शेवंती लाथा झाडू लागली. रावसाहेबांच्या हातून दोर सुटला. सवयीनं ते ओरडले, "ए बाय, बघते काय? धर ना तिला!"

जातायेता भाकरी घालणारी बाई घरी निघून गेली असती. बायजाबाईनं डॉक्टरांनी पुढं केलेले हातमोजे, मास्क चढवले आणि ती घोडीच्या मानेशी गेली. "न्हाई गं, हाय मी हितंच." शेवंती शांत झाली. डॉक्टरांनी सुई टोचली. घोडी हळूहळू खाली बसली, आडवी झाली. बायजाबाई ढसाढसा रडली.

"तिचं तोंड लागलेलं सगळं जाळा," डॉक्टर म्हणाले. झूल, बादली, दोर बाहेर ढिगात पडले.

बायजाबाईनं आपल्या ओल्या पदराकडे पाहिलं. वैरणीचा विळा घेऊन तिनं पदराचं टोक कापलं आणि त्या ढिगावर टाकलं. मग हातमोजा काढून तिनं सिस्टरपुढं हात धरला.

"घ्या रक्त. मी हितंच कामाला हाय."

"उद्यापासून कामावर यायचं नाय!" रावसाहेब कडाडले.

डॉक्टर वळून रावसाहेबांकडे बघू लागले. सिस्टरनं रबरी पट्टी बांधली, आणि बायजाबाईनं आखूड पदर दुसऱ्या हातानं डोक्यावर ओढून घेतला.