बोटभर जास्त

ब्लॉक बसेना. क्रेनने तिसऱ्यांदा उचलून खाली आणला, तरी जहाजाचा वरचा तुकडा दोन बोटं मोठाच. आतल्या पाइपांची तोंडं जुळेनात. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर इंजिनियर मॅडमना विचारलं, तुमच्या कॉम्प्युटरला मोजपट्टी कळते का? आमची जुनी मंडळी गालातल्या गालात हसली. मी हसलो नाही. ती दोन बोटं माझी होती.

एकतीस वर्षं मी या यार्डात पत्र्यावर खडूने आखणी करतोय. आजवर आम्ही जहाजं बांधली कुठे, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या जहाजांना ठिगळं लावली. ठिगळाचा नियम एकच, पत्रा बोटभर जास्त घ्यायचा आणि उरलेला जागेवर कापायचा. जास्तीचं कापता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही. हे नवं जहाज मात्र आमचं स्वतःचं, पहिलंच. त्याचे मोठमोठे तुकडे, म्हणजे ब्लॉक, आधी तयार करून एकावर एक चढवायचे. पत्रे कॉम्प्युटरच्या आकड्यांनी कापायचे. मॅडम माझ्या लेकीहून लहान, आणि मला सांगतात, आकडा बदलायचा नाही. कापायच्या मशीनवरचा माणूस माझ्याच हाताखाली शिकलेला. दोन्ही कडांना बोटभर वाढव, म्हटलं त्याला. त्याने वाढवलं. जित्याची खोड, दुसरं काय.

संध्याकाळी तोच सांगत आला, की मॅडमना काढणार आहेत आणि जहाजाचा मालक पुढची तीन जहाजं बाहेरच्या देशात बांधून घेणार आहे. काका, आपण कानावर हात ठेवू या, म्हणाला. घरी जेवायला बसलो. बायको म्हणाली, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात, म्हणजे काहीतरी करून ठेवलंय. सांगितलं सगळं.

"एकतीस वर्षं लोकांची जहाजं सांधलीत," ती म्हणाली, "आणि आता आपलं एक होतंय, तर तेच बुडवताय?"

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन कबूल केलं. मशीनवाल्याचं नाव घेतलं नाही. मॅडम वाचल्या. मालकाने एक संधी दिली. पुढचा ब्लॉक पहिल्या फटक्यात बसला तर तीन जहाजं इथेच. मला साहेबांनी गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी मॅडम वही घेऊन गेटवर आल्या. झाडायलाच आल्या असणार, असं वाटलं.

"काका, बोटभरच का?"

"वेल्डिंग खातं, मॅडम. तापलेला पत्रा गार होताना आखडतो. पातळ जास्त, जाड कमी. तुमच्या आकड्यात हे कुठे धरलंय?"

त्यांनी वहीची पानं उलटून पाहिली. "नाही धरलेलं," म्हणाल्या. "तुम्ही हात लावला नसता, तर ब्लॉक आखूड झाला असता."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग महिनाभर जेवणाच्या सुट्टीत आमचा उद्योग चालला. वेल्डिंगच्या आधी पत्रा मोजायचा, नंतर पुन्हा मोजायचा. मी नुसत्या नजरेने सांगायचं किती आखडेल, त्यांनी मिलिमीटर लिहायचे. मी चारदा चुकलो, तेही त्यांनी लिहिलं. मशीनवाला आता त्यांच्या वहीतला आकडा घ्यायचा आणि त्याला हात लावायचा नाही. मीच बजावलं होतं.

ब्लॉक चढवायच्या दिवशी मी ड्युटीवर होतो. गेटवरून शेडचं छप्पर दिसतं आणि त्याच्यावर क्रेनचं टोक, बस्स. दहाला ब्लॉक छपरामागे उतरला. बसला नाही तर पुन्हा वर येणार, हे मला ठाऊक. जेवणाची घंटा झाली, डबा उघडला नाही. एका ट्रकचा नंबर दोनदा चुकवला. ड्रायव्हरने विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना? म्हटलं, घरात बाळंतपण आहे. तो माझ्या पिकल्या केसांकडे बघत गाडी आत घेऊन गेला.

पावणेतीनला छपरामागून हूक वर आला. रिकामा.

बसून राहणं बरं दिसेना. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.