चोरातला च

धाकटी पाच देशांत पाच भाषांमधून गायची आणि त्यातली एकही तिला येत नव्हती. चाहत्यांना याचा पत्ता नव्हता, कारण अकरा वर्षं ताईने तो लागू दिला नव्हता. नव्या देशात उतरलं की ताई लिफ्टपाशी, नाश्त्याच्या टेबलापाशी, जिथे सापडेल तिथे कुणाला तरी गाठायची, गाण्याची ओळ न् ओळ त्याच्याकडून म्हणवून घ्यायची आणि कानावर पडेल तशी देवनागरीत उतरवायची. घोडं पेंड खायचं ते एकाच अक्षरापाशी. चहातला च आणि चोरातला च आपण लिहितो सारखेच, बोलतो मात्र वेगळे. म्हणून चोरातल्या चखाली ताई ठसठशीत टिंब द्यायची.

त्या दुपारी टीव्हीवरच्या थेट कार्यक्रमात धाकटीने चोराऐवजी चहाचा च लावला. 'तुझी सावली माझ्यासोबत राहू दे' असं म्हणायचं होतं. झालं 'तुझी मिशी माझ्यासोबत राहू दे', आणि तेही तीनदा, डोळे मिटून. समोरच्या लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. ढोलवालासुद्धा हसला, आणि तो तर कधी पगाराच्या दिवशीही हसत नसे.

मेकअपच्या खोलीत गाण्यांच्या कंपनीचा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता.

"ताई, स्पष्टच बोलतो, राग मानू नका. पुढच्या देशापासून आपण उच्चारांसाठी शिकलेला माणूस घेऊ. तुम्हीही दमलात. घरी जा, आराम करा."

आरामाचं तिला काय करायचं होतं? अकरा वर्षांत तिने दुसरं काही केलंच नव्हतं आणि करायची इच्छाही नव्हती. तिने गाण्याचा कागद उचलला. हाच स्टेजवर धाकटीच्या पायाशी चिकटवलेला होता. टिंब जागच्या जागी होतं, चांगलं वाटाण्याएवढं.

ती काही बोलणार तोच तिची नजर धाकटीकडे गेली. आरशापासून चार हातांवर बसून ती डोळे बारीक करून स्वतःलाच शोधत होती. ताईने सहज केल्यासारखं करून कागद लांबूनच तिच्यासमोर धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय गं?"

"सा... सावलीच असणार."

"ही तर पहिलीच ओळ आहे. सावली चौथ्या ओळीत."

धाकटीचा चेहरा पडला. ताईला सगळं उमगलं. कागद मॅनेजरच्या हातात दिला असता तर तिची नोकरी तिथल्या तिथे वाचली असती. पण पोस्टरावर जिचे डोळे खिडकीएवढे छापतात, तिला दिसत नाही हे चारचौघांत कसं सांगायचं? ताईने कागदाची घडी घातली.

"बरं," ती मॅनेजरला म्हणाली. "चूक माझीच."

"तिची कसली चूक!" धाकटी ओरडली. "वर्षभर मला लांबचं दिसत नाही. चष्मा लावला तर म्हातारी दिसेन म्हणून लपवलं. तिने टिंब दिलं होतं, मला दिसलं नाही. कुणाला काढायचंच असेल तर मला काढा."

मॅनेजरने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. संध्याकाळचा कार्यक्रम वीस मिनिटांवर होता.

"आण इकडे," म्हणत धाकटीने ताईच्या नाकावरचा चष्मा ओढला. "तुझा नंबर मला चालतो. तू आंघोळीला गेलीस की मी लावून बघते."

"चोरटे!"

धाकटी जाड काड्यांचा तो गबाळा चष्मा लावून स्टेजवर गेली. पडद्याआड ताईला आता नुसता उजेड आणि धूसर रंग दिसत होते. चौथी ओळ आली, सावली आली, बरोबर आली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पुढच्या देशाचा कागद कधी देता?" मॅनेजरने हळूच विचारलं.

"ते राहू द्या. ती काय करतेय ते सांगा आधी. मला दिसत नाहीये."

मॅनेजरने पडद्याच्या फटीतून डोकावून पाहिलं.

"चष्मा काढून डोळे पुसतायत."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"रडूबाई," ताई म्हणाली, आणि पदराचं टोक शोधू लागली.